अर्ध्या सहीची मतं

१

फेरमोजणीला बसून फार वेळ झाला नव्हता. स्लेट फोर्क मतदान केंद्राचा गठ्ठा सोडणाऱ्या बाईंनी एक मतपत्रिका उलटी केली, मग दुसरी, मग तिसरी. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यांच्या पाठीवर एकाचीच अक्षरं आहेत," त्या म्हणाल्या.

कोर्टहाउसच्या त्या खोलीतले सगळे उठून टेबलाभोवती जमले. मी कोपऱ्यात बसले होते. टॅमरॅक काउंटीच्या साप्ताहिकाची मी संपादक, एकमेव वार्ताहर आणि जाहिराती गोळा करणारीही मीच, त्यामुळे असल्या कंटाळवाण्या ठिकाणी मला जावंच लागतं. तो दिवस मात्र कंटाळवाणा निघाला नाही.

आमच्याकडे मतपत्रिका मतदाराच्या हातात पडण्याआधी तिच्या पाठीवर टेबलावरचे दोन कारकून आपापली आद्याक्षरं टाकतात, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून ही सोय. एकाची जरी अक्षरं नसली तरी तो कागद रद्दी. स्लेट फोर्कच्या चाळीसहून जास्त पत्रिकांवर रिपब्लिकन गार्लंड हफची अक्षरं होती आणि डेमोक्रॅट वर्ला स्ट्रोमची नव्हती. सगळ्या पत्रिका रिपब्लिकन प्रायमरीच्या होत्या.

प्रायमरीत पक्ष आपला उमेदवार निवडतो आणि नोव्हेंबरात खरी निवडणूक होते, असं शाळेत शिकवतात. आमच्या काउंटीत नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवारासमोर कोणी उभंच राहत नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते मे महिन्यातच होऊन जातं. यंदा काउंटी कौन्सिलच्या एका जागेसाठी दोन रिपब्लिकन भांडत होते. मार्सी स्टकी म्हणत होती, काउंटीने कर्जरोखे काढावेत आणि आपल्या छोट्या हॉस्पिटलची इमर्जन्सी चालू ठेवावी. ड्वेन रेनर म्हणत होता, एका डॉलरचंही कर्ज नको. बाकीचं कौन्सिल निम्मं इकडे, निम्मं तिकडे, म्हणजे सगळं या जागेवर अडलेलं. इमर्जन्सी वाचावी म्हणून यंदा कितीतरी जन्माचे डेमोक्रॅट रिपब्लिकन पत्रिका मागायला रांगेत उभे राहिले. पहिल्या मोजणीत मार्सी अकरा मतांनी जिंकली. तो गठ्ठा उलटा केल्यावर ती हरली.

जज्जांनी दोन्ही पक्षांना कायदा सांगितला. ही नुसती चूक असेल तर मतं बाद, विषय संपला. कोणी मुद्दाम केलं असेल तर तो गुन्हा, आणि मग स्लेट फोर्कमध्ये पुन्हा मतदान घेता येईल. शोध कोणी घ्यायचा, यावर दोन्ही पक्षांचं एकाच नावावर जमलं: मर्ल ओबरहोल्ट, राज्य पोलिसातला निवृत्त तपास अधिकारी. प्रायमरीत कोणत्या पक्षाची पत्रिका हवी ते टेबलासमोर मोठ्याने सांगावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होतं. मर्लने नोकरीत असताना कधी पत्रिका मागितली नाही आणि नंतरही ती सवय सुटली नाही. तो कोणाचा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्याची बायको आयलीन माझी शाळेतली मैत्रीण. तिचं हृदय दोनदा थांबायला आलं होतं आणि दोन्ही वेळा आमच्या इमर्जन्सीने ते चालू ठेवलं होतं. ही बंद झाली तर पुढची शहरात, तासाभराहून लांब. आयलीनला तेवढा वेळ मिळणार नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मर्लचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून गाडी मी चालवायची असं ठरलं. गाडीत बसता बसता तो म्हणाला, "जोनेल, नोकरीभर मी लोकांची दारं वाजवताना मनात म्हणायचो, गुन्हा झालेला नसू दे. आज पहिल्यांदाच वाटतंय, कोणीतरी केलेला असू दे."

२

गार्लंड हफ शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राची पाती घासत बसला होता. आम्हाला बघून उठला नाही.

"या. बेड्या आणल्यात का?"

"आधी कॉफी दे, मग बघू," मर्ल म्हणाला.

थर्मासमधली कॉफी कडू होती. मर्लने ती चवीने प्यायली. समोरच्याला बोलतं करायची त्याची ती जुनी पद्धत.

"वर्ला आणि तू एका टेबलावर कधीपासून बसताय?"

"आमची पोरं शाळेत होती तेव्हापासून. ती तिच्या पक्षाची, मी माझ्या. दुपारी माझ्यासाठी रुबार्बची पेस्ट्री भाजून आणायची. यंदाही आणली होती. मी हात लावला नाही."

"का रे?"

"चर्चच्या फिश फ्रायच्या जेवणाला चारचौघांत मला म्हणाली, 'गार्लंड, माणसं मेली की तुझा हिशोब जुळतो.' मी काय कसाई आहे? मी एवढंच म्हणालो होतो, की जेवायचं आपण आणि बिल पाठवायचं नातवंडांना, याला दया म्हणत नाहीत." त्याने पातं जोरात घासलं. "मग मीही सुनावलं. म्हणालो, दुसऱ्याच्या पाकिटातून पुण्य करायला तुमच्या पक्षाला छान जमतं. झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद."

"मतदानाच्या दिवशीसुद्धा?"

"एक शब्द नाही. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती. रिपब्लिकन पत्रिका मी वाटायच्या, डेमोक्रॅट तिने."

"आणि अक्षरं?"

"सकाळीच उरकली. माझ्या गठ्ठ्यावर मी, तिच्या गठ्ठ्यावर ती, मग अदलाबदल. केंद्रप्रमुख एल्डन मध्ये उभा राहून गठ्ठे इकडचे तिकडे करत होता, भांडलेल्या पोरांची खेळणी वाटतात तसा."

"तुझ्या पत्रिका तिच्याकडे गेल्या याची खात्री आहे?"

"माझा प्रत्येक गठ्ठा तिच्याकडे गेला आणि तिच्याकडून परत आला. बायबलवर हात ठेवून सांगतो."

"परत आल्यावर उलटून बघितलास?"

"तिच्या कामात नाक खुपसायला मी काय तिचा नवरा आहे?" गार्लंड आता उठला. "आणि ऐक मर्ल. कर्ज नको म्हणतो म्हणून मी चोर होत नाही. तिला जाऊन विचार, आमची पत्रिका मागणाऱ्या तिच्याच लोकांना ती रांगेत काय म्हणत होती."

३

"काय म्हणत होते? सांगते की," वर्ला म्हणाली. ती अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती. "म्हणत होते, येताना बापाच्या थडग्यावर थुंकून आलास ना? का ते परत जाताना?"

"वर्ला, ती माणसं मार्सीला मत द्यायला तिकडे गेली," मर्ल म्हणाला. "इमर्जन्सी वाचवायला. तुलाही तेच हवंय."

"मला हवंय की नको ते तू मला सांगू नकोस. एका हिवाळ्यात डॉक्टर नाही म्हणून इमर्जन्सीला कुलूप होतं. माझा नवरा ऑरिन अँब्युलन्समध्ये गेला, त्याचा हात माझ्या हातात होता." तिने गाठ करकचून ओढली. "पण म्हणून त्यांच्या दारात जाऊन त्यांची पत्रिका मागायची? जन्मभर जे आपल्याला हसले त्यांची? मी आपली माझी मागितली."

"तुझ्या पत्रिकेवर कौन्सिलसाठी नाव कोणाचं होतं?" मी विचारलं.

"कोणाचंच नाही. जागा रिकामी होती."

माझं डोकं फिरलं. एका रिकाम्या जागेसाठी माणूस इतका ताठ कसा राहतो हे मला कळत नाही. कळलं तरी त्याने कोणाचं हृदय चालणार नाही. पण मर्लने माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले.

"रागाच्या भरात एखाद्याच्या पत्रिकेवर अक्षरं टाकायची राहिली असतील?" त्याने विचारलं.

"सहीसाठी समोर आलेल्या प्रत्येक कागदावर मी सही केली."

"दिवसभरात टेबल सोडलंस?"

"नाही," ती म्हणाली, आणि खाली वाकून आधीच बांधलेल्या रोपाला पुन्हा बांधायला लागली.

गाडीत बसल्यावर मर्ल म्हणाला, "खोटं बोलली."

"कशावरून?"

"पहाटेपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून न उठणारी सत्तरीची बाई दाखव मला. कुठेतरी गेली होती, आणि ते ठिकाण तिला सांगायचं नाही."

त्याच्या आवाजात आशा होती. ती ऐकून मलाही आशा वाटायला लागली, आणि एका म्हातारीच्या खोटेपणावर आशा ठेवायची वेळ आली याची लाजही वाटली.

४

दुसऱ्या दिवशी जज्जांच्या परवानगीने त्या बाद पत्रिका मर्लसमोर आल्या. उमेदवाराचा हक्क म्हणून ड्वेन रेनरही येऊन बसला. त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"मर्ल, तुम्हाला पटणार नाही, पण मला असं जिंकायचं नव्हतं."

"मग हरायचं होतं का?" मी म्हणाले.

"जोनेल, तुमच्या पेपरने मला खुनी करून टाकलंय. हॉस्पिटल तोट्यात आहे. कर्ज काढून आपण ते पाच-सहा वर्षं ओढू. मग हॉस्पिटलही जाईल आणि शाळेचे पैसेही व्याजात जातील. हे कोणीतरी म्हणायला नको?"

"आयलीनला पाच-सहा वर्षं पुरली असती."

तो टोपीची कड चाचपत राहिला. तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मर्ल एकेक पत्रिका अजून नीट न दिसणाऱ्या डोळ्यांजवळ धरत होता. अचानक त्याने एक नाकाला लावली, मग दुसरी लावली. मग चांगल्या ठरलेल्या गठ्ठ्यातली एक मागून घेतली आणि तीही हुंगली.

"यांना डिझेलचा वास आहे," तो म्हणाला. "बाद आहेत त्या सगळ्यांना. चांगल्यांना नाही."

तेवढ्यात त्याच्या हातातल्या पत्रिकेकडे बघून रेनर खो खो हसायला लागला. मृत्यूचे दाखले देणाऱ्या कॉरोनरच्या जागी कोणीतरी पेनाने लिहिलं होतं: रोझी.

"हॉइटकाका! माझा सख्खा काका. रोझी म्हणजे त्याचं खेचर. मरून जमाना झाला, पण दर प्रायमरीला तिचं नाव लिहितो. म्हणतो, मेलेल्यांचा अनुभव तिला जास्त." मग त्याचं हसू थांबलं. "आणि खाली मत मला दिलंय. म्हणजे माझ्याच काकाचं मत बाद झालं की."

मर्लला हसू आलं नाही. तो पत्रिका हळूच खाली ठेवून म्हणाला, "मतदानानंतर उरलेल्या कोऱ्या पत्रिका कुठे आहेत? त्या आणा."

त्या सीलबंद पिशवीत होत्या. सील फोडलं. त्यांनाही डिझेलचा वास होता. मर्लने एक उलटली, मग दुसरी, मग सगळ्याच उलटून बघितल्या.

५

स्लेट फोर्कचं मतदान अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होतं. बंब बाहेर काढून उभे करतात आणि आत टेबलं मांडतात. केंद्रप्रमुख एल्डन तिथेच स्वयंसेवक आहे. तो बंबाला पाणी मारत होता.

"जादा पत्रिका कुठे ठेवल्या होत्या?" मर्लने विचारलं.

"बंबाच्या केबिनमध्ये. जादा पत्रिका कुलपात ठेवाव्या लागतात ना." एल्डनने नळ बंद केला. "कधी काढाव्या लागल्या नव्हत्या बघा. यंदा डेमोक्रॅट आले लोंढ्याने, दुपारीच रिपब्लिकन पत्रिका संपायला आल्या. मी नवं पाकीट काढून गार्लंडला दिलं. त्याने लगेच अक्षरं टाकायला घेतली."

"आणि वर्ला?"

"असेल की टेबलावर." तो बंबाच्या चाकाकडे बघत बोलत होता.

"एल्डन, ती टेबलावर नव्हती."

"मर्ल, मला त्यात पाडू नका. मी नियम मोडला तो वाईट हेतूने नाही. याहून जास्त मी बोलणार नाही. तुमच्याच घरी विचारा."

मर्ल जागच्या जागी उभा राहिला. एल्डनने नळ पुन्हा सोडला.

६

घरी जायच्या आधी पेपरच्या कचेरीत थांबावं लागलं, कारण दारात वर्ला उभी होती. चर्चला जाताना घालते तो कोट घातलेला.

"बरं झालं दोघंही भेटलात. जोनेल, छाप. ते मी मुद्दाम केलं. आमच्यातल्या ज्याने ज्याने त्यांची पत्रिका मागितली, त्याच्या पत्रिकेवर मी अक्षरं टाकली नाहीत. रागाने. उद्या जज्जांसमोर हेच सांगणार आहे."

खोटं कशाला बोलू, माझा आनंद पोटात मावेना. गुन्हा म्हणजे पुन्हा मतदान. पुन्हा मतदान म्हणजे मार्सी. मी पेन शोधायला लागले.

"बस, वर्ला," मर्ल म्हणाला. "हॉइट रेनरची पत्रिका त्यात आहे. तो कधी डेमोक्रॅट होता?"

"हात चुकला असेल."

"आणि उरलेल्या कोऱ्या पत्रिका? त्या कोणी मागितल्याच नाहीत. त्यांच्यावरही तुझी अक्षरं नाहीत. त्या कोणाच्या रागाने सोडल्यास?"

वर्लाने कोट सारखा केला. "मग सगळा गठ्ठाच सोडला. मुद्दाम. तुला काय करायचंय? तुला गुन्हेगार हवा होता ना? ही घे, तुझ्यासमोर उभी आहे."

"तुरुंगात जाशील."

"तिथे इमर्जन्सी आहे म्हणे," वर्ला म्हणाली आणि निघून गेली.

मी मर्लचा हात धरला. "तिने कबूल केलंय. तुला काही करायची गरज नाही. नुसता गप्प बस."

"आधी घरी चल," तो म्हणाला.

७

आयलीन स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. दोन शेंगा सोलायच्या, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन सोलायच्या. मर्ल तिच्यासमोर बसला आणि त्यानेही मूठभर शेंगा ओढल्या.

"मतदानाच्या दिवशी तू गेली होतीस?"

"गेले होते. तू शहरात डोळ्याच्या डॉक्टरकडे होतास. शेजारणीने गाडीतून नेलं. आत चालवेना म्हणून गाडीतच पत्रिका मागवली. एल्डन आणि वर्ला दोघं घेऊन आले."

"गाडीतल्या मताला दोन्ही पक्षांचा एकेक माणूस शेवटपर्यंत हजर लागतो," मी म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं नाही. मध्येच आतून कोणीतरी एल्डनला हाक मारली आणि तो पळाला. मी मत दिलं तेव्हा वर्ला एकटीच होती. ते कळलं असतं तर माझंही मत गेलं असतं आणि तिच्यावर आलं असतं." तिने श्वास घेतला. "मग मला धाप लागली. तिने माझ्या पर्समधली गोळी काढून जिभेखाली ठेवली, पाठ चोळत बसली. बराच वेळ. तिच्याशिवाय मी तिथेच आटोपले असते, मर्ल."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी ती इथे आली. ती उरलेली रुबार्बची पेस्ट्री घेऊन. आम्ही हसलो खूप. म्हणाली, 'तुझ्या गाडीपासून परत गेले तर त्या म्हाताऱ्या बोकडाने आपला गठ्ठा माझ्या खुर्चीसमोर आणून टाकलेला. आता रिपब्लिकन पत्रिकाही मीच वाटायच्या का? मी बघितलंसुद्धा नाही, दिला परत ढकलून.'"

मर्लच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मलाही तेव्हा सगळं लख्ख दिसलं. गार्लंडने नव्या पाकिटावर आपली अक्षरं टाकली आणि गठ्ठा वर्लाच्या जागेवर ठेवला, तिने सही करावी म्हणून. 'सही कर' एवढं तो म्हणाला नाही, कारण बोलणं बंद होतं. नवं पाकीट फुटलंय हे वर्लाला माहीतच नव्हतं, ती बाहेर आयलीनची पाठ चोळत होती. तिला वाटलं हा सकाळचाच गठ्ठा, दोघांच्या अक्षरांचा. 'हे काय' एवढं तीही म्हणाली नाही. गठ्ठा परत आला. गार्लंडला वाटलं सही झाली. उलटून बघणं म्हणजे तिच्याकडे लक्ष देणं, तेही त्याला कमीपणाचं वाटलं. मग संध्याकाळपर्यंत तो प्रामाणिकपणे एकेक रद्दी कागद लोकांच्या हातात देत राहिला, त्यात ड्वेनचा काका आला आणि इमर्जन्सी वाचवायला आलेले डेमोक्रॅटही आले.

कोणी काही केलंच नव्हतं. मला हा सगळ्यात घाणेरडा निकाल वाटला. चोर असता, दगाबाज असता, तर निदान पुन्हा मतदान मिळालं असतं.

आयलीनने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं. ती शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती.

"वर्लाने हे फेरमोजणीच्या आधी सांगितलं," ती हळू म्हणाली. "म्हणजे ते खरं आहे. मी सांगायला नको होतं का?"

"तुला विचारलं, तू सांगितलंस," मर्ल म्हणाला.

"आता तू काय करणार?"

तो शेंगा सोलत राहिला. ती पुढे म्हणाली, "तुला जे करायचं ते कर. फक्त घरी येऊन मला तोंडाने सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस."

८

सुनावणीच्या दिवशी कोर्टहाउसच्या पायऱ्यांवर मी मर्लला पुन्हा अडवलं. आज आठवलं तरी माझा आवाज कानात येतो.

"तिला कोणी तुरुंगात टाकणार नाही. वय बघतील, सोडतील."

"आणि नाही सोडलं तर?"

"ती तयार आहे ना! तिला हवंय ते. मर्ल, तू तुझ्या बायकोला मारायला निघालायस."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "गप्प बसून काय झालं ते बघितलंस ना तू? त्या दोघांनी तेच केलं. आणि वर्लाने आयलीनची गोळी काढून दिली, तिच्या नावावर मी गुन्हा लिहू?"

आत वर्लाने आपली कबुली दिली, मान ताठ ठेवून. खोलीत एकच गलका झाला. कोणीतरी तिला शिवी दिली, आणि ती तिच्याच पक्षाच्या माणसाने दिली. मग जज्जांनी मर्लला विचारलं. तो उभा राहिला आणि त्याने एकही गोष्ट गाळली नाही: डिझेलचा वास, हॉइटचं खेचर, कोऱ्या पत्रिका, बंबाचं पाकीट, त्याची स्वतःची बायको. त्याला त्याच्या कामात इतकं चोख मी कधी पाहिलं नव्हतं. तो बोलत असताना गार्लंड हफने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

चूक. मतं बाद. गाडीतलं मत वेगळ्या पाकिटात असतं, म्हणून आयलीनचं मतही बाद. ड्वेन रेनर विजयी. टाळ्या वाजल्या नाहीत, तेवढी लाज शिल्लक होती.

बाहेर गार्लंड वर्लाच्या मागून आला. "वर्ला, मी एकदा म्हणायला हवं होतं..."

ती त्याच्याकडे वळलीच नाही. ती मर्लसमोर येऊन थांबली. "मी तिच्यासाठी जात होते," ती म्हणाली. "माझ्या घरी कोण आहे वाट बघायला? तुला काय अडचण होती?" मी मर्लला गाडीत बसवलं. त्याला घरी सोडलं तेव्हा तो गाडीतून उतरायला तयार होईना. मग उतरला, आत गेला, आणि त्याने तिला तोंडाने सांगितलं.

कर्जरोखे आता येणार नाहीत हे कळल्यावर हॉस्पिटलने नोव्हेंबरची वाट बघितली नाही, उन्हाळा संपता संपता इमर्जन्सीच्या दाराला कुलूप लागलं. ऑक्टोबरात मक्याची कापणी चालू असताना आयलीन गेली, शहराच्या वाटेवर, ट्रॅक्टरमागे अडकलेल्या अँब्युलन्समध्ये. दुसऱ्या दिवशी मर्ल माझ्या कचेरीत आला, कारण मृत्यूच्या बातम्या माझ्याकडेच द्याव्या लागतात. मी जन्मतारीख लिहिली, शाळा लिहिली, चर्च लिहिलं.

"कुठे गेली असं लिहू?" मी विचारलं.

"रस्त्यात असं लिही."

मी लिहिलं. तो खुर्चीत बसून राहिला. तू बरोबर वागलास असं माझ्या तोंडून एकदा यावं, म्हणून तो थांबलाय, हे मला कळत होतं. मी त्याला कॉफी दिली, त्याच्याजवळ बसले, त्याचा हात धरला. पण ते वाक्य काही माझ्याच्याने म्हणवलं नाही, कारण मला तसं वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.